अफवा, आघात आणि कायदा : ऑनलाइन व्यासपीठांच्या विधिनियमनाची परभणी जिल्ह्याच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला, त्यावेळी त्याची दृष्टी प्रामुख्याने व्यापारावर होती. इलेक्ट्रॉनिक नोंदींना आणि अंकीय स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता मिळावी, कागदाविना झालेला व्यवहार न्यायालयात टिकावा, हा त्याचा मुख्य हेतू होता. गावच्या चावडीवर होणारी चर्चा उद्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होईल, एक खोटी चित्रफीत माणसांचे प्राण घेईल आणि दूरदेशी बसलेला चोर सहकारी बँकेची तिजोरी रिकामी करील, याची पुरेशी कल्पना त्यावेळच्या विधिनिर्मात्यांना नव्हती. पुढील पंचवीस वर्षांत हे सर्व घडले. प्रत्येक घटनेनंतर कायद्याला एकेक ठिगळ जोडले गेले. त्यातून आज जी विधिव्यवस्था उभी राहिली आहे, तिची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या चिकित्सेसाठी परभणी जिल्ह्याचा संदर्भ घेण्यामागे कारण आहे. सायबर कायद्याची चर्चा बहुधा दिल्ली, मुंबई, पुणे वा बंगळूर या शहरांच्या अंगाने होते. परंतु कायद्याची खरी कसोटी लागते ती जिल्ह्यात. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाल्यानंतर परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम आणि जिंतूर या नऊ तालुक्यांचा राहिलेला हा जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार १८,३६,०८६ लोकसंख्येचा आहे. कापूस, सोयाबीन व तूर पिकविणारा शेतकरी, हंगामात ऊसतोडीला जाणारा मजूर, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा विद्यार्थी आणि सहकारी बँकेचा ठेवीदार हे सर्वजण आता एकाच जाळ्यात आहेत. त्यांना कायद्याकडून प्रत्यक्षात काय मिळते, हा येथील प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, विद्यमान कायद्याने दोन भिन्न गोष्टींना उलट माप लावले आहे. खोटी माहिती हा मुळात अभिव्यक्तीचा प्रश्न आहे. तेथे सावधपणे पावले टाकण्याऐवजी कायदा घाईने शिक्षेकडे वळतो. सायबर हल्ला ही मालमत्तेवर आणि सुरक्षिततेवर झालेली चाल आहे. तेथे तत्परता हवी असताना कायदा संथ आणि दूरस्थ राहतो.

पालघरचा धडा : कलम ६६-अ

या उलट्या मापाचा पहिला ठळक दाखला महाराष्ट्रातीलच आहे. २००८ च्या दुरुस्तीने मूळ कायद्यात कलम ६६-अ घालण्यात आले व ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. अत्यंत आक्षेपार्ह मजकूर, त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून जाणूनबुजून पाठविलेली खोटी माहिती, अशा शब्दांत या कलमाने गुन्ह्याची व्याख्या केली आणि तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. ‘त्रास’ म्हणजे काय, ‘गैरसोय’ कोणाची, हे कायद्याने कोठेच सांगितले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळण्यात आलेल्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मत व्यक्त केले. दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. त्यातील मजकूर ना खोटा होता, ना चिथावणीखोर.

या अटकेने देशभर उठलेल्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिले. न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. एखाद्या विषयाची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि त्यासाठी चिथावणी देणे या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे. राज्याचा हस्तक्षेप तिसऱ्या पायरीवर सुरू होतो. त्याच निकालात कलम ७९ चा अर्थ मर्यादित करण्यात आला. न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना आल्याखेरीज व्यासपीठाला मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ होती असे मानता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

हा निकाल विधिशास्त्राच्या दृष्टीने मोठाच होय. परंतु निकाल आणि पोलीस ठाणे यांतील अंतर त्याने मिटविले नाही. रद्द झालेल्या कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदविले जात राहिले. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल तीव्र आश्चर्य व्यक्त केले व ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही असा आदेश पुन्हा द्यावा लागला. जे कलम कायद्याच्या पुस्तकात मृत होते ते ठाण्याच्या नोंदवहीत सात वर्षे जिवंत राहिले. कायद्याची चिकित्सा केवळ कलमांच्या शब्दांवर थांबू शकत नाही, ती याचमुळे.

राईनपाडा : अफवेचे खरे मोल

येथे दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने मांडली पाहिजे. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा कैवार घेताना अफवेची किंमत कोण मोजतो, हे विसरता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठार केले. हे पाचही जण भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून भिक्षुकीसाठी आलेले होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे संदेश त्यापूर्वी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवरून फिरत होते. त्याच काळात देशभर पसरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराची येथील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेल्या फितीचा कापलेला तुकडा होती. तिचा शेवटचा, मूल परत आणून देण्याचा भाग वगळला की बोधपटाचा पुरावा बनतो.

राईनपाड्याचे बळी कोण होते याकडे लक्ष दिले असता अफवेचे सामाजिक स्वरूप उघड होते. ज्यांचे घर फिरते, ज्यांचा पोशाख वेगळा, ज्यांना गावात ओळखणारे कोणी नाही, त्यांच्यावरच संशय स्थिरावतो. भटक्या जमातींना ‘गुन्हेगार’ ठरविण्याचा वसाहतकालीन वारसा कागदावरून गेला. मनातून मात्र तो गेलेला नाही. तंत्रज्ञानाने हा पूर्वग्रह निर्माण केला नाही, पण त्याला वेग दिला. मराठवाड्यातून हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची संख्या पाहता परभणी जिल्ह्यालाही हा धोका परका नाही.

या घटनेनंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी असावा, स्फोटक संदेशांच्या प्रसाराला आळा घालावा, जलदगती न्यायालयात खटले चालवावेत, असे हे निर्देश होते. व्हॉट्सॲपनेही भारतात एक संदेश एकावेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा जुलै २०१८ मध्ये घातली आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे पाठविल्या गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. या उपायाचे वैशिष्ट्य असे की, त्यात कोणाच्याही मजकुराची छाननी नाही, कोणालाही अटक नाही. संदेश खरा की खोटा याचा निवाडा न करता केवळ त्याचा वेग कमी केला गेला. नियमनाच्या विचारात या फरकाला द्यावे तेवढे महत्त्व अद्याप दिले गेलेले नाही.

भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ हे आज या विषयावरील मुख्य दंडविधान आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत भारतीय दंड संहितेच्या कलम ५०५ चाच आशय आला असून त्यात ‘खोटी माहिती’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक साधने’ यांचा स्पष्ट समावेश करण्यात आला. मात्र त्या कलमाला एक अपवाद जोडलेला आहे. विधान खरे आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल व ते सद्भावनेने, गुन्ह्याचा हेतू न बाळगता केले असेल, तर गुन्हा होत नाही. मुलांच्या काळजीने घाबरून संदेश पुढे पाठविणारी आई आणि तो संदेश मुद्दाम रचणारा माणूस यांत कायदा भेद करतो. व्यवहारात हा भेद कितपत पाळला जातो, हा निराळा प्रश्न आहे. मे २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जमावबंदीच्या अधिकाराखाली काढलेल्या आदेशाने समाजमाध्यमांवरील समूहांच्या चालकांनाच जबाबदार धरण्याची भूमिका घेतली होती. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात याविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. समान हेतू वा पूर्वनियोजन दाखविल्याखेरीज सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी समूहचालकाला दोषी धरता येत नाही, असे खंडपीठाने म्हटले. गावातील भजनी मंडळाचा वा बचत गटाचा समूह चालविणाऱ्या सामान्य माणसासाठी हा निर्णय मोलाचा आहे.

सत्याचा निवाडा कोणी करावा?

२५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कायद्याचा रोख व्यक्तीकडून व्यासपीठाकडे वळविला. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या व्यासपीठांवर तक्रार निवारण अधिकारी नेमण्याची, तसेच संदेशसेवांवर पहिला प्रेषक ओळखून देण्याची जबाबदारी टाकली गेली. आदेश मिळाल्यावर मजकूर काढण्यासाठी असलेली ३६ तासांची मुदत फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ३ तासांवर आणली. कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेल्या दृश्यांवर तशी खूण असण्याची सक्तीही त्याच दुरुस्तीने केली. खूण असण्याची अट योग्य होय, कारण तिने वाचकाला माहिती मिळते. परंतु तीन तासांत कोणतेही व्यासपीठ आदेशाच्या वैधतेचा विचार करणार नाही. ते मजकूर काढून मोकळे होईल.

या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत मूलभूत वाद मुंबई उच्च न्यायालयात लढला गेला. ६ एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र शासनाला स्वतःच्या कारभाराविषयीचा मजकूर ‘बनावट, खोटा वा दिशाभूल करणारा’ आहे हे ठरविण्यासाठी तथ्यतपासणी कक्ष नेमण्याचा अधिकार दिला. कक्षाने ठपका ठेवलेला मजकूर व्यासपीठाने ठेवला, तर कलम ७९ चे संरक्षण गमावण्याचा धोका होता. विनोदी कलावंत कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आदींनी यास आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल यांनी हा नियम घटनाबाह्य ठरविला, तर न्या. नीला गोखले यांनी तो वैध मानला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. पटेल यांच्याशी सहमती दर्शविली आणि २६ सप्टेंबर रोजी नियम रद्द झाला. दरम्यान, २० मार्च २०२४ रोजी कक्षाची अधिसूचना निघाली होती. तिला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्थगिती दिली होती.

या निकालातील दोन्ही भूमिकांचा विचार प्रामाणिकपणे व्हावयास हवा. नागरिकाला खरी माहिती मिळाल्याशिवाय लोकशाहीतील त्याचा सहभाग अर्थपूर्ण होत नाही, हा नियमाच्या बाजूचा विचार क्षुल्लक नाही. राईनपाड्याच्या प्रकाशात तर तो अधिकच गंभीर वाटतो. परंतु नियमाने निवडलेले क्षेत्र लक्षात घेतले की त्याचे दुबळेपण दिसते. मुले पळविण्याची अफवा, जातीय तेढ वाढविणारी चित्रफीत वा रोगावरील भोंदू उपाय यांच्यासाठी हा नियम नव्हताच. तो केवळ शासनाच्या कारभारासाठी होता. ज्या विषयात शासन स्वतः पक्षकार आहे, त्याच विषयात ते न्यायाधीश होणार होते. फिर्यादीनेच निकाल लिहावा, असा हा प्रकार झाला असता.

परभणीचा दाखला

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही, हे परभणीइतके दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याने अलीकडे अनुभवले असेल असे वाटत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, जमावबंदी लागू झाली आणि अनेकांची धरपकड झाली. अटकेतील विधिशाखेच्या एका विद्यार्थ्याचा १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला.

त्यानंतरचा क्रम या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे आलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात मात्र पोलिसांकडून मारहाण झाल्याचे आढळत नाही, अशा आशयाचे निवेदन शासनाच्या वतीने करण्यात आले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका ठेवला गेला. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला व ३० जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. गुन्हा नोंदविला जाणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. परंतु एवढे निश्चित की, जे विधान डिसेंबरात शासनाच्या दृष्टीने निराधार होते, तेच जुलैमध्ये न्यायालयाला तपासास पात्र वाटले.

रद्द झालेला केंद्रीय नियम राज्याच्या कारभाराला लागू नव्हता, हे खरे. तरीही त्यामागचे तत्त्व राज्यस्तरावर आले असते तर काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. कोठडीतील मारहाणीचा आरोप करणारा प्रत्येक मजकूर डिसेंबर २०२४ मध्ये ‘खोटा’ या शिक्क्याखाली काढून टाकता आला असता, आणि ज्या लोकचर्चेमुळे चौकशीची मागणी जिवंत राहिली ती चर्चाच खुंटली असती. सत्य हे अनेकदा चौकशीच्या शेवटी हाती येते, ते चौकशीच्या आरंभी शासनाच्या निवेदनात असतेच असे नाही. म्हणूनच सत्य ठरविण्याचा अधिकार आणि मजकूर काढण्याचा अधिकार एकाच हाती असू नयेत.

याचा अर्थ शासनाने गप्प बसावे असा नाही. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेच्या वातावरणातच दोन साधू व त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली. त्यानंतर घटनेला धार्मिक रंग देणारे संदेश पसरू लागले. तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादीच प्रसिद्ध केली. अटक झालेल्यांची नावे खटल्यापूर्वी जाहीर करण्याच्या पद्धतीबद्दल आक्षेप घेता येईल. तथापि खोट्या माहितीला पुराव्यासह उत्तर देणे हा मार्ग ती काढून टाकण्यापेक्षा अधिक टिकाऊ आहे, हे त्यातून दिसते. पुरावा लोकांसमोर ठेवला की लोक स्वतः पडताळा घेतात. मजकूर काढून टाकला की संशय तेवढा उरतो.

सायबर हल्ले : कायद्याचा संथपणा

अभिव्यक्तीच्या बाबतीत तासांची भाषा करणारा कायदा हल्ल्याच्या बाबतीत मात्र वर्षांची भाषा करतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेला हल्ला या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ११ ते १३ ऑगस्ट या तीन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये लंपास झाले. हल्लेखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणा बाजूला सारून खोटी मंजुरी देणारी यंत्रणा उभी केली. सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतून, तर अडीच कोटी भारतातून बनावट कार्डांद्वारे काढले गेले. उरलेले सुमारे १३ कोटी ९२ लाख स्विफ्ट प्रणालीतून हाँगकाँगला वळविण्यात आले. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा सुनावली. ते होते प्रत्यक्ष पैसे काढण्याच्या साखळीतील लोक. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला होता. जिल्ह्याच्या ठाण्यातून सुरू होणारा तपास तेथवर पोहोचणे शक्य नव्हते. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट कराराचा भारत सदस्य नाही, हेही या संदर्भात लक्षात घेतले पाहिजे.

हल्ला झाला की नाही, हेच निश्चित न होण्याचीही उदाहरणे आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी त्यामागे सायबर घातपाताची शक्यता वर्तविली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. दोन्ही शासने, दोन्ही अधिकृत निवेदने. यांपैकी ‘तथ्य’ कोणते, हे एखाद्या कक्षाने कसे ठरविले असते?

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी सायबर घटनांची खबर सहा तासांत देण्याचे आणि नोंदी १८० दिवस जतन करण्याचे निर्देश दिले. हे आवश्यकच होते. परंतु ही खबर यंत्रणेला मिळते. ज्याचे पैसे वा माहिती गेली त्या ठेवीदाराला काय मिळते? कलम ६६-क व ६६-ड खाली ओळखचोरी व तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र कलम ७८ नुसार या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही. ग्रामीण ठाण्यात निरीक्षक एक, त्याच्यापुढे बंदोबस्तापासून निवडणुकीपर्यंतची सर्व कामे. फसवणुकीच्या तक्रारी मागे पडण्याचे हे एक रचनात्मक कारण आहे.

नुकसानभरपाईचा मार्ग त्याहून लांबचा. कलम ४६ प्रमाणे पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव करतात. त्यासाठी पालम वा सोनपेठच्या माणसाने सुमारे ५०० किलोमीटरवरील मुंबई गाठावयाची. त्यावरील अपिलाचे न्यायाधिकरण दिल्लीला. हे न्यायाधिकरणही २०११ पासून अध्यक्षाविना कित्येक वर्षे ठप्प होते. अखेर २०१७ मध्ये त्याचे काम दूरसंचार विवाद न्यायाधिकरणाकडे सोपविण्यात आले. वैयक्तिक अंकीय माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. पण तो दंड जमा होणार भारताच्या एकत्रित निधीत. माहिती निष्काळजीपणे हाताळणाऱ्या संस्थेकडून पीडिताला भरपाई देणारे कलम ४३-अ मात्र हाच कायदा वगळतो. संस्थेला दंड होईल, सरकारला पैसा मिळेल, आणि ज्याची माहिती चोरीला गेली तो रिकाम्या हाताने परतेल, असा याचा अर्थ होतो.

पुराव्याची अडचण

इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचा देशातील एक अग्रगण्य निकाल परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातून गेला, हे येथे उल्लेखनीय आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात ठरविले की, मूळ उपकरण हजर केले नसेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र सर्व प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर अशक्य गोष्टीचा आग्रह कायदा धरीत नाही. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच अट अधिक तपशिलाने आली आहे. तत्त्व रास्त आहे, कारण चित्रफितीत फेरफार करणे आज अतिशय सोपे झाले आहे. परंतु धमकीचा संदेश आलेली महिला वा फसवणूक झालेला शेतकरी पडद्याचे छायाचित्र घेऊन ठाण्यात येतो, तेव्हा मूळ नोंद जपून ठेवण्याविषयी त्याला कोणी सांगितलेले नसते. माजी आमदाराला सहा वर्षे झगडावे लागले तेथे सामान्य माणसाची अवस्था काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

निष्कर्ष

वरील विवेचनातून काही निष्कर्ष संभवतात. पहिला असा की, खोटी माहिती व सायबर हल्ला यांचे नियमन वेगळ्या तत्त्वांवर व्हावे. पहिल्यासाठी हेतू आणि हिंसेचा निकट धोका या दोन कसोट्या अपरिहार्य मानाव्यात. दुसऱ्यासाठी पीडिताची भरपाई आणि तपासाची गती यांना अग्रक्रम द्यावा. दुसरा निष्कर्ष असा की, शासनाने खोट्या माहितीचे खंडन जरूर करावे, पण ते पुराव्यासह, वेळेची नोंद करून आणि स्थानिक भाषेत. मजकूर काढण्याचा निर्णय शासनाबाहेरील स्वतंत्र प्राधिकरणाकडे असावा. तिसरा असा की, २०१८ च्या निर्देशांनुसारचा समन्वय अधिकारी कोण, त्याच्याशी संपर्क कसा साधावा, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असावे. चौथा, कलम ४६ खालील निवाड्याचे अधिकार किमान महसुली विभागाच्या पातळीवर, म्हणजे मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथे, उपलब्ध व्हावेत. पाचवा, कलम ४३-अ मधील भरपाईचे तत्त्व नव्या कायद्यात पुन्हा आणावे.

समारोप

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. दवंडी देणारा माणूस सर्वांच्या ओळखीचा असे, ती कोणाच्या हुकमाने दिली हे सांगितले जाई आणि चूक झाली तर जाब विचारण्याचे ठिकाणही ठाऊक असे. आजच्या संदेशाला यांपैकी काहीच नाही. तथापि हे उणेपण भरून काढण्यासाठी सर्वांच्या बोलण्यावर पहारा बसविण्याची गरज नाही. राईनपाड्याच्या पाच जणांना वाचविण्यासाठी हवा होता तो वेळेवर गावात पोहोचणारा विश्वासाचा आवाज. परभणीत हवी होती ती आरोपांची निःपक्ष चौकशी, आणि लुबाडल्या गेलेल्या ठेवीदाराला हवा आहे तो त्याच्या जिल्ह्याजवळचा न्याय. यांपैकी एकही गोष्ट अभिव्यक्तीवर नवे बंधन घालून साध्य होणारी नाही. बोलणाऱ्याला तीन तासांत गप्प करता येते, पण लुटल्या गेलेल्याला तीन वर्षांतही दाद मिळत नाही. ही विषमता जोवर टिकून आहे, तोवर सायबर कायदा हा नागरिकाचे संरक्षण करणारा कायदा आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.